सॅक भरायचे दिवस

मे महिना अर्ध्यावर आला की आमच्या बर्मिंगहॅमच्या गल्लीच्या टोकाला, बसस्टॉपमागच्या कुंपणावर हॉथॉर्न फुलतं. एरवी त्या काटेरी झुडपाकडे कुणी ढुंकून बघत नाही. मग एका आठवड्यात ते असं पांढरंशुभ्र होतं की बसची वाट बघणारी माणसं उगाचच एकमेकांकडे बघून हसतात. वास मात्र फुलांच्या मानाने बेताचाच, गोडसर आणि किंचित नासका. संध्याकाळचे आठ वाजले तरी उजेड जायचं नाव घेत नाही. कामावरून येऊन, जेवून, भांडी घासून झाली तरी मागच्या खोलीत कार्पेटवर ऊन आडवं पडलेलं असतं. ते बघितलं की माझ्या हातांना काहीतरी मांडावंसं वाटायला लागतं. मग मी शिडी लावून माळ्यावर चढते आणि सॅक खाली काढते.

सॅकला एक वास असतो. ओल्या गवताचा, जुन्या घामाचा, थोडा गॅसचा, आणि तळाशी कधीतरी सांडलेल्या मेतकुटाचा. कितीही झटकली तरी मेतकूट जात नाही. मी आत नाक खुपसून बसते. अविनाश, माझा नवरा, दारावरून जाता जाता म्हणतो, "झालं का सुरू? सीझन आला वाटतं तुझा." तो पुण्याचा आहे, टोमणा मारल्याशिवाय त्याला खोली ओलांडता येत नाही. पण म्हणतो ते खरंच आहे. कुणाचा आंब्याचा सीझन असतो, कुणाचा लग्नांचा, तसा माझा सॅक भरायचा. आणि तीन वर्षं झाली, दर वेळी सॅक भरताना मी मनाने दोन हजार सहाच्या मे महिन्यात जाऊन बसते. हीच खोली, हेच आडवं ऊन, आणि समोर मांडी घालून बसलेले बाबा.

त्या वर्षी मार्चमध्ये बाबा नागपूरहून आमच्याकडे आले होते, सहा महिन्यांच्या व्हिसावर. आई आदल्या पावसाळ्याच्या शेवटी गेली. शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी इथे हॉस्पिटलच्या फार्मसीत गोळ्या मोजत उभी होते, आणि घरी पोचले ती तिसऱ्या दिवशी. तोवर सगळं उरकलं होतं. बाहेरच्या खोलीत माणसं बसलेली, आणि बाबा आत कपाटाचे सगळे खण उघडून उभे. "शुभा, रुमाल कुठे असतात गं आपल्याकडे?" त्यांनी विचारलं. सदुसष्टाव्या वर्षी त्यांच्यावर पहिल्यांदा स्वतःचा रुमाल शोधायची वेळ आली होती. मला तो दुसऱ्या खणात सापडला. त्यांच्या हातात देताना मी मनाशी ठरवून टाकलं की यांना इथे एकटं ठेवायचं नाही. असा फोन मी पुन्हा घेणार नव्हते.

बाबा भूमापन खात्यात सर्व्हेयर होते. छत्तीस वर्षं त्यांनी विदर्भातली शेतं मोजली, आणि चालण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण कॅम्पवर सामान उचलायला खलाशी, म्हणजे खात्याचे गडी, असत आणि घरून निघताना पेटी भरायची आई. सदऱ्यांच्या घड्या, दाढीची डबी, कापराची वडी, वरून चिवड्याचा पुडा. बाबांनी पेटीचं झाकण उघडायचं आणि हात घालून हवं ते काढायचं, एवढंच. म्हणजे सगळा जन्म फिरण्यात गेलेल्या या माणसाने आपलं सामान ना कधी भरलं होतं, ना कधी उचललं होतं.

बाबांनी इथे कायमचं राहावं म्हणून करायच्या अर्जाचा फॉर्म मी आणून ठेवला होता, स्वयंपाकघरातल्या खणात, टेबलक्लॉथच्या खाली. त्यांना तो सापडलाच. तोवर ते खण उघडण्यात तरबेज झाले होते. रात्री आम्ही तिघं जेवायला बसलो तेव्हा त्यांनी तो ताटाशेजारी ठेवला.

"हे काय आहे?"

"फॉर्म आहे, बाबा. तुम्ही आता इथेच राहायचं."

"आणि तिथे?"

"तिथे कोण आहे आता?"

"मी आहे ना," बाबा म्हणाले. "लोक अजून नकाशे घेऊन येतात माझ्याकडे. धुऱ्याची भांडणं माझ्या ओट्यावर मिटतात. इथे मी काय करून राहिलो, सांग बरं? सहा वाजेपर्यंत खिडकीत बसून तुझी वाट पाहून राहिलो." धुरा म्हणजे आमच्याकडे दोन शेतांमधला बांध.

मला राग आला. "तुमच्याकडे बघणारं कोण आहे तिथे? तुम्हाला साधी बॅग भरता येत नाही, बाबा!"

बोलून गेले आणि जीभ चावली. बाबा बराच वेळ ताटातला भात सारखा करत बसले. मला तेव्हा नुकतंच इथल्या डोंगरांचं वेड लागलं होतं. वर्षातून एकदा तंबू-बिंबू पाठीवर घेऊन चार दिवस पायी हिंडून यायचं, आणि त्या वर्षीचा बेत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता. बाबांनी त्याकडे बोट केलं. "मी येतो तुझ्यासोबत. माझी सॅक मी भरीन, मीच वाहीन. चारही दिवस वाहिली, तर ऑगस्टमध्ये तिकीट आहे त्या तारखेला मी घरी जाईन आणि हा फॉर्म तू पुन्हा काढायचा नाही. एकदा जरी सॅक तुझ्या हातात दिली, तर मी इथे राहतो. मग तुझी काही तक्रार नाही, माझीही नाही."

"डन," अविनाश म्हणाला. "मी अंपायर. पण टेंटमध्ये वगैरे मी झोपणार नाही हं, बाबा. लास्ट डेला फोर ओ'क्लॉकला कार घेऊन पार्किंगमध्ये उभा राहतो. ऑल द बेस्ट टू बोथ पार्टीज." त्याला गंमत वाटत होती. मला अजिबात वाटत नव्हती.

अशी सुरुवात झाली त्या दिवसांची. आता आठवताना मला तो झगडा कमी आणि त्या संध्याकाळीच जास्त आठवतात. शेजाऱ्याच्या गवत कापायच्या यंत्राची घरघर, ती थांबली की येणारा कापलेल्या गवताचा हिरवा वास, छपरांवरून चिरकत जाणारे पाकोळ्यांचे थवे. जणू दिवस संपायचंच विसरला होता. त्या उजेडात आम्ही दोघं सामान मांडायचो आणि उचलायचो, मांडायचो आणि उचलायचो.

आधी दुकान. डोंगरात जायचं सामान विकणाऱ्या त्या दुकानात एक पन्नाशीची बाई होती, आखूड पिकलेल्या केसांची, वेल्सची. तिने बाबांना पाठमोरं उभं केलं आणि मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत टेप लावला. सॅक पाठीच्या उंचीवर घ्यायची असते, माणसाच्या उंचीवर नाही, असं तिने सांगितलं. बाबा बेहद्द खूश झाले. "छत्तीस वर्षं मी मोजलं," मला मराठीत म्हणाले, "आज मलाच मोजून राहिले." मग तिने सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या घालून त्यांना दुकानभर फिरवलं. वजन खांद्यांवर घ्यायचं नाही, कमरेवर घ्यायचं. खांद्यांनी नुसतं धरून ठेवायचं. जड वस्तू पाठीला लागून, जरा वरच्या अंगाला. बाबा मान डोलवत ऐकत होते. "म्हणजे घागर," ते म्हणाले. "बायका कमरेवर घागर घेतात तसं." मी तिला इंग्रजीत सांगितलं, तर तिने टाळी वाजवली आणि तेच, अगदी तेच, म्हणाली. निघताना तिने एक नियम सांगितला: स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं घ्यायचं नाही. बाबांचं वजन बासष्ट किलो. म्हणजे साधारण बारा.

आणि इथेच आम्ही चुकलो. आम्हा परदेशातल्या मराठी माणसांचं वजनाशी एक खास नातं आहे. विमान कंपनीने तेवीस किलो दिले की बावीस किलो नेणारा माणूस आमच्यात बावळट ठरतो. बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये येतो, बॅग कवेत घेऊन घरातला एक जण त्यावर चढतो आणि बाकीचे वाकून आकडा वाचतात. पाचशे ग्रॅम उरले? टाक गं ती लोणच्याची बाटली. तीनशे उरले? मोजे कोंब कोपऱ्यात. बाबांनी त्या दिवशी सॅक भरली, काट्यावर ठेवली आणि आनंदाने ओरडले, "साडेनऊच झाले! अजून अडीच किलो अलाऊड आहेत!" आणि मलाही, सांगायला लाज वाटते, अडीच किलोंची लॉटरी लागल्यासारखंच वाटलं. मी औषधं मोजणारी बाई. पण फार्मसी संध्याकाळी पाचला संपते, आणि संस्कार चोवीस तास असतात.

मग काय, भाजणी आली. लसणाची चटणी आली. कॉव्हेंट्रीच्या एक ओळखीच्या मावशी आहेत, त्यांना कुठून तरी कळलं की आम्ही 'जाणार' आहोत. कुठे, किती दिवस, हे त्यांनी विचारलंच नाही. बेसनाच्या लाडवांचा डबा पाठवून दिला. उशी आली, दोन जाड टॉवेल आले, छोटा रेडिओ आला, घडीची छत्री आली. शेवटी बाराच्या आकड्यावर काटा थरथरत थांबला तेव्हा आम्ही दोघांनी समाधानाने एकमेकांकडे बघितलं.

त्या रविवारी बस धरून आम्ही गावाबाहेरच्या लिकी टेकड्यांवर रंगीत तालमीला गेलो. ब्लूबेल्सचा बहर सरत आला होता, झाडांखाली निळा धूर पसरल्यासारखा दिसत होता. एक मैल झाला असेल नसेल, बाबा एका पडलेल्या खोडावर बसले. सॅक काढली, समोर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. "बाप्पा," ते म्हणाले, "आपण तर विमानात बसायला निघालो होतो." मी इतकी हसले की कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईने थांबून आम्हाला काही मदत हवी का म्हणून विचारलं. लाडू आम्ही तिथेच संपवले. तिलाही दोन दिले.

खरे दिवस त्यानंतरचे. जुनी चादर पसरायची, वर सगळं सामान ओळीने मांडायचं आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर एकेक वस्तू ठेवायची. बाबांनी वही केली होती. सर्व्हेच्या वहीसारखे रकाने: वस्तू, वजन, शेरा. उशी: 'नको, सदरे गुंडाळून घ्यावेत.' छत्री: 'वाऱ्यात निरुपयोगी.' दोन टॉवेलांचा एक झाला, एकाचा अर्धा. एका संध्याकाळी मी खोलीत आले तर ते करवतीने टूथब्रशची दांडी कापत होते. "चार ग्रॅम," म्हणाले, अतिशय गंभीरपणे. रेडिओवर मात्र घोडं अडलं होतं. तो तीन दिवस 'हो' आणि 'नको'च्या मध्ये चादरीच्या काठावर पडून होता. चौथ्या दिवशी ते स्वतःच उठले आणि त्यांनी तो खिडकीत नेऊन ठेवला.

सामान कमी करताना माणूस बोलायला लागतो, हे मला त्या दिवसांत कळलं. हात कामात असतात, डोळे वस्तूकडे असतात, मग तोंडातून जे यायचं ते सहज येतं. आई गेल्यावर पहिला महिना त्यांनी तिची गादी रोज घालायचा क्रम मोडला नाही, हे त्यांनी मला मोजे गुंडाळता गुंडाळता सांगितलं. मीही मोजेच गुंडाळत होते. बाहेर ऊन तसंच होतं.

मागच्या अंगणात छोटा स्टोव्ह पेटवून मी त्यांना खिचडी शिकवली. दोन मुठी तांदूळ, एक मूठ मूगडाळ, हळद, हिंग, मीठ, जिरं, सगळं कोरडंच एका पिशवीत. पाणी उकळलं की पिशवी रिकामी करायची. पहिली खिचडी लागली, दुसरी कच्ची राहिली, तिसरी मात्र त्यांनी झाकण ठेवून, घड्याळ बघून अशी उतरवली की अविनाशने दुसऱ्यांदा वाढून घेतली. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग ते भांडं घासायलाही तेच बसले. सदरा कसा गुंडाळला की चुरगळत नाही ते त्यांना यायला लागलं. रुमाल कुठे आहेत हे आता तेच मला सांगत: "डाव्या खिशात, वरच्या."

आणि त्या तिसऱ्या खिचडीनंतर, पाठमोरे बसून भांडं घासणाऱ्या त्यांच्याकडे बघताना माझ्या एकदम लक्षात आलं. मी काय करत होते? यांना माझ्याशिवाय राहता यावं, याची तयारी मीच माझ्या हाताने करून घेत होते. रोज संध्याकाळी, इतक्या हौसेने.

आता जे सांगायचं ते मी अविनाशलाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबा अंघोळीला गेले. त्यांची सॅक भरून भिंतीला टेकवलेली होती, साडेनऊ किलोंची, नेटकी, परीक्षेला निघालेल्या मुलीसारखी. मी ती उघडली. स्लीपिंग बॅगच्या खाली, अगदी तळाशी, एक किलो तांदळाची पिशवी आणि गॅसचे दोन मोठे डबे घातले. 'लागले तर असावेत,' मी स्वतःला म्हटलं. आपल्याकडे या तीन शब्दांवर काहीही खपतं. पण ग्रॅमचा हिशेब माझ्या बोटांना पाठ आहे. सव्वादोन किलो. मला पक्कं माहीत होतं की मी काय करते आहे. बापाला हरवायला निघाले होते मी, त्याने माझ्याच घरी राहावं म्हणून.

सकाळी बाबांनी सॅक उचलली, क्षणभर थांबले, पट्टे ओढले आणि म्हणाले, "चला." मला वाटलं, त्यांना कळलं नाही.

श्रुसबरीला गाडी बदलून, दोन डब्यांच्या छोट्या ट्रेनने आम्ही नाइटन नावाच्या गावात उतरलो. तिथून एका फार फार जुन्या राजाने इंग्लंड आणि वेल्सच्या मध्ये घातलेल्या मातीच्या बांधावरून पायवाट जाते. बांध आता पार झिजलाय, कुठे पुरुषभर उंच, कुठे नुसतीच गवताची वळकटी, वर मेंढ्या चरतायत. बाबा तो बघून वाटेतच उभे राहिले. "अगं, हा तर धुरा आहे!" ते म्हणाले. "राजाने घातला म्हणून काय झालं? धुराच आहे." मग दिवसभर त्या धुऱ्याचं निरीक्षण चाललं होतं. माती कुठल्या बाजूची उकरली, चर कुणाच्या हद्दीत गेला, राजाचा सर्व्हेयर कुठे आळस करून सरळ गेला. वाटेच्या दोन्ही अंगांना पिवळं गॉर्सचं झुडूप फुललेलं. उन्हात त्याला खोबऱ्याचा वास येतो, अगदी करंजीच्या सारणासारखा. वर कुठेतरी, न दिसणारा चंडोल गात होता. मला ते सगळं जितकं सुंदर दिसत होतं तितकं मला माझंच तोंड बघवत नव्हतं.

कुंपणांवर चढून पलीकडे उतरायच्या लाकडी पायऱ्या त्या वाटेवर जागोजागी आहेत. प्रत्येक पायरीवर मी हात पुढे करायची. प्रत्येक वेळी बाबा म्हणायचे, "राहू दे." दुसऱ्या दिवशी पाऊस लागला, इथला तो चाळणीतून गाळल्यासारखा बारीक, न थांबणारा. चिखलात त्यांचा वेग उतरला. मी पुढे जाऊन थांबायची आणि धुक्यातून त्यांची आकृती हळूहळू घट्ट होत येताना बघायची. दर वेळी वाटायचं, आता म्हणतील. म्हणाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आकाश धुतल्यासारखं निघालं. हर्गेस्ट रिज म्हणून एक लांबलचक उघडी धार आहे, वर नुसतं कुरतडलेलं गवत आणि सुटी तट्टं. त्या धारेवरून चालताना दोन्ही बाजूंना एवढा प्रदेश दिसतो की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. बाबांनी तिथे घामाने भिजलेला सदरा बदलला. त्यांच्या पाठीवर, खांद्यांपासून खाली, पट्ट्यांचे दोन लाल वळ होते. मी दुसरीकडे बघितलं. तट्टांकडे बघितलं. मग राहवेना.

"द्या ना बाबा सॅक. थोडा वेळ. हे काही मोजणार नाही मी."

"मी मोजतो," बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी एका शेतकऱ्याच्या कुरणात आम्ही तंबू ठोकला. ऊन उतरत होतं. बाबा नळावर हातपाय धुवायला गेले, तशी मी त्यांची सॅक ओढली आणि तळाशी हात घातला. तांदूळ आणि डबे मला माझ्या सॅकमध्ये टाकायचे होते, शेवटच्या दिवसापुरते तरी. तळाशी काहीच नव्हतं. स्लीपिंग बॅग, सदरे, रुमाल. मी चाचपडत वर आले. वरच्या अंगाला, पाठीला लागून, सदऱ्यात नीट गुंडाळलेली तांदळाची पिशवी, आणि दोन बाजूंना दोन डबे, हलू नयेत म्हणून मोज्यांनी आवळलेले. दुकानातल्या बाईने सांगितलं होतं तसं, हुबेहूब.

"पहिल्याच दिवशी कळलं," मागून बाबा म्हणाले. ओल्या पायांनी गवतात उभे होते. "रोज नऊ-साडेनऊ किलो उचलून पाहून राहिलो होतो मी महिनाभर. सव्वादोन किलो कळत नाहीत का मला?"

"मग काढून का नाही टाकलंत?"

"काढले असते तर तू म्हणाली असती, ओझं हलकं होतं म्हणून जमलं." ते माझ्याजवळ येऊन बसले. "काहून केलं असं, शुभा?"

मी आता लहान नव्हते, छत्तीस वर्षांची होते. तरी मला लहान मुलीसारखं हुंदका देऊन रडू आलं. "तुम्ही जाऊ नये म्हणून. परत तसा फोन येईल. मी परत तिसऱ्या दिवशी पोचेन. मला नाही सहन होणार ते, बाबा."

"मग हे सांगायचं होतं."

"सांगितलं होतं की! तुम्ही ऐकलं कुठे?"

"तू फॉर्म आणला होता," बाबा म्हणाले. "हे नव्हतं सांगितलं." मग त्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला, आणि उठून स्टोव्ह पेटवायला गेले. खिचडी त्यांनीच केली. आम्ही जेवलो. कुरणापलीकडे मेंढ्यांची कोकरं त्या लांबलेल्या उजेडात उगाचच इकडून तिकडे धावत होती.

चौथा दिवस उताराचा. बाबा त्या दिवशी माझ्या पुढे होते, सॅक त्यांच्या पाठीवर अशी बसली होती की मागून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस जन्मभर हेच करत आलाय. वाटेत एका चिमुकल्या चर्चमध्ये वाटसरूंसाठी चहाची किटली आणि बिस्किटं ठेवलेली होती. आम्ही तिथे चहा केला, भांडी धुऊन पालथी घातली. मग दुपारी शेवटच्या टेकडीच्या खांद्यावरून खाली वाय नदी दिसली, आणि तिच्या काठचं, जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं ते गाव. पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचा चमकत होत्या. त्यातल्या एका गाडीला टेकून अविनाश उभा असणार होता. अर्धा मैल, फार तर.

शेवटच्या कुंपणाच्या लाकडी पायरीवर बाबा थांबले. कमरेचा पट्टा सोडला, सॅक उतरवली आणि माझ्यापुढे धरली.

"घे," ते म्हणाले. "अविनाशला सांगतो, शेवटी शेवटी दमलो म्हणून."

"दमलात?"

बाबांनी खाली नदीकडे पाहिलं. "नाही," म्हणाले. "पण तुला पाहिजे असेल तर दमलो."

मी सॅक घेतली. दोन्ही हातांत धरली. मला हवं होतं ते सगळं आता माझ्या हातात होतं. खणातला तो फॉर्म, मागच्या खोलीत त्यांचा पलंग, सहा वाजता दार उघडल्यावर खिडकीतून वळणारा त्यांचा चेहरा, रोज, आणि रात्री-अपरात्री न वाजणारा फोन. नुसतं पुढे चालायला लागायचं होतं. त्यांनी एक शब्दही काढला नसता, मला ठाऊक होतं. नागपूरच्या ओट्यावर कुणीतरी नकाशा घेऊन आलं असतं आणि कुलूप बघून परत गेलं असतं, आणि हे माझ्या खिडकीत बसून राहिले असते, माझ्यासाठी दमलेले.

"पाठ करा इकडे," मी म्हटलं.

"शुभा..."

"वळा ना, बाबा."

ते वळले. मी सॅक उंच धरली, त्यांनी एकेक हात पट्ट्यांतून घातला. वळांवर घासू नये म्हणून मी पट्ट्याखाली रुमालाची घडी सारली, मग पुढे येऊन कमरेचा पट्टा आवळला आणि त्याचा चाप लागल्याचा आवाज येईपर्यंत दाबला. त्यांची नजर माझ्या डोक्यावरून कुठेतरी लांब होती.

"अविनाशला यातलं काही सांगायचं नाही," मी म्हटलं. "चला, तो वाट बघत असेल."

बाबांनी पायरीवरून पलीकडे पाय टाकला, या वेळी माझ्या हाताला धरून, आणि उताराने चालू लागले. माझं तोंड त्यांना दिसू नये म्हणून मी खालपर्यंत चार पावलं मागेच राहिले.